ट्रेडिंग कार्डांचा हौशी संग्रह : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून केवळ हौसेखातर क्रिकेटपटूंची, फुटबॉलपटूंची अथवा पोकेमॉनची कार्डे जमवणाऱ्या, किंवा आता जमवू पाहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. कार्डांच्या खरेदी-विक्रीतून कमाई करू इच्छिणाऱ्यांना यात फारसे काही सापडणार नाही.

ट्रेडिंग कार्ड नेमके कशाला म्हणायचे?

जे कार्ड एका ठरलेल्या संचाचा भाग असते, ज्यावर त्या संचातील क्रमांक छापलेला असतो, जे बहुधा बंद पाकिटातून विकले जाते आणि जास्तीचे निघाल्यास दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून आपल्याकडे नसलेले घेता येते, ते ट्रेडिंग कार्ड. आज सर्वाधिक रूढ असलेले माप ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच, म्हणजे ढोबळमानाने अडीच इंच गुणिले साडेतीन इंच असे आहे. युगिओ या जपानी पत्त्यांच्या खेळाची कार्डे मात्र ५९ गुणिले ८६ मिलिमीटरची, किंचित लहान असतात, हे आवरणे विकत घेताना लक्षात ठेवावे.

या प्रकाराची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटच्या पाकिटांतून झाली. पाकीट दबू नये म्हणून आत घातलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चित्रे छापली जाऊ लागली आणि लोक ती जमवू लागले. इंग्लंडमध्ये खेळलेल्या रणजितसिंहजींची छबीही अशा कार्डांवर आलेली आहे. पुढे तंबाखूची जागा बबलगमने घेतली. १९९३ साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ने जमवायच्या कार्डांनाच खेळाचे साधन बनवले, १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनची कार्डे आली आणि १९९९ च्या जानेवारीत ती अमेरिकेत इंग्रजीतून निघाली.

चाळिशी ओलांडल्यावर हा छंद पोरकट दिसत नाही का?

दिसतो, आणि दिसू द्यावा. नाणी व टपाल तिकिटे जमवणाऱ्याला जो मान मिळतो तो कार्डे जमवणाऱ्याला आपल्याकडे अजून मिळत नाही, परंतु क्रमवारी लावणे, छपाईतील फरक ओळखणे आणि वस्तू जपणे ही सगळी कामे तिन्ही छंदांत सारखीच आहेत.

सुरुवात कोणत्या कार्डांपासून करावी?

ज्या खेळाविषयी आपण कार्डांशिवायही तासभर बोलू शकतो, त्या खेळाच्या कार्डांपासून करावी. इतर सारे सल्ले याच्यानंतर येतात.

कोल्हापुरात वाढलेल्या वाचकांना साधारणपणे तीन-चार वाटा परिचित असतात. पहिली वाट १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकात ‘बिग फन’ या बबलगमबरोबर मिळणाऱ्या क्रिकेट कार्डांची आहे. त्यावर धावा किंवा विकेट छापलेल्या असत आणि ठरलेल्या धावा-विकेट जमल्या की त्या देऊन भेटवस्तू मिळत असे. भेटवस्तूसाठी कार्डे परत देण्याच्या या पद्धतीमुळे, तसेच खिशात कोंबून वापरल्यामुळे, चांगल्या स्थितीतील कार्डे आज थोडीच हाती लागतात. दुसरी वाट कुस्तीच्या ट्रम्प कार्डांची. उंची, वजन, छाती, दंड आणि रँक असे आकडे पुकारून समोरच्याचे कार्ड जिंकायचे, वजन पुकारायचे तर हातात योकोझुना हा अगडबंब पहिलवान हवा, हे मधल्या सुट्टीतील व्यवहार खासबागेच्या गावात विशेष चवीने चालत. काटेकोर अर्थाने ती ट्रेडिंग कार्डे नव्हेत, कारण संपूर्ण संच एकाच डबीत मिळत असे. तरीही संग्रहात त्यांना जागा देण्यास काहीच हरकत नाही.

तिसरी वाट टॉप्स कंपनीच्या ‘क्रिकेट अटॅक्स’, ‘स्लॅम अटॅक्स’ (कुस्ती) आणि ‘मॅच अटॅक्स’ (फुटबॉल) या मालिकांची आहे. ज्या शहरात विश्वचषकाच्या दिवसांत पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात आणि शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांच्या सामन्यांना तुडुंब गर्दी होते, तिथल्या हौशी माणसाला फुटबॉलची कार्डे सर्वांत जवळची वाटावीत, असे माझे मत आहे. चौथी वाट पोकेमॉनची. आज तिशीत असलेल्यांनी चीटोजच्या पाकिटातून निघणारे पोकेमॉनचे टाझो, म्हणजे चित्रांच्या गोल चकत्या, लहानपणी जमवलेले असतात आणि तेच आता कार्डांकडे वळतात.

वाट कोणतीही धरली तरी संग्रहाची हद्द आधी आखून घ्यावी. ‘क्रिकेटची कार्डे’ ही हद्द नव्हे. ‘महाराष्ट्राकडून रणजी खेळलेल्या खेळाडूंची कार्डे’ ही हद्द झाली. एकच संघ, एकच खेळाडू, एकच हंगाम किंवा एकाच चित्रकाराने काढलेली पोकेमॉन कार्डे (चित्रकाराचे नाव कार्डावरच बारीक अक्षरांत छापलेले असते) अशा हद्दीत राहिलेला संग्रह पूर्ण होऊ शकतो. हद्द नसलेला संग्रह कपाट भरतो, पूर्ण मात्र कधीच होत नाही.

बंद पाकिटे फोडावीत की हवी ती सुटी कार्डे विकत घ्यावीत?

पाकीट फोडण्यात गंमत आहे, परंतु संच पूर्ण करण्याचा तो सर्वांत महागडा मार्ग आहे, आणि हे साध्या गणिताने दाखवता येते.

समजा, एका संचात ५० कार्डे आहेत, प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखी आहे आणि आपण एकेक कार्ड न पाहता विकत घेत आहोत. सरासरी काढली तर संच पूर्ण होण्यासाठी सुमारे २२५ कार्डे घ्यावी लागतात. यातील पहिली २५ वेगवेगळी कार्डे अवघ्या ३४ खरेदींत हाती येतात आणि त्यामुळे निम्मा संच इतक्या सहज झाला म्हणून आपण खूश होतो. शेवटच्या पाच कार्डांसाठी मात्र ११४ च्या आसपास कार्डे घ्यावी लागतात आणि त्यांतील अगदी अखेरच्या एका कार्डासाठी सरासरी ५०. पनिनी कंपनीचा २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अल्बम ६७० स्टिकरांचा होता. त्याला हाच हिशेब लावला तर, अदलाबदल न करता तो भरण्यासाठी साडेचार हजारांहून अधिक स्टिकर लागतात. प्रत्यक्षात दुर्मीळ कार्डे मुद्दाम कमी छापली जात असल्याने कार्डांच्या संचांत चित्र याहून वाईट असते.

म्हणून व्यवहार्य रीत अशी की, निम्म्या संचापर्यंत पाकिटे फोडावीत, पुढचा मोठा हिस्सा डबल, म्हणजे जास्तीच्या, कार्डांच्या अदलाबदलीने भरावा आणि अखेरची चार-पाच कार्डे सुटी विकत घ्यावीत. सुट्या सामान्य कार्डाला बहुधा किरकोळ पैसे पडतात. महिन्याचा खर्च आधी ठरवावा आणि तो पाकिटांच्या संख्येत नव्हे, रुपयांत ठरवावा. ‘आणखी एकच पाकीट’ हा विचार दोनदा आला की दुकानाबाहेर पडावे. पाकिटाची रचनाच तो विचार यावा अशी केलेली असते.

सुटी, खोक्यातून बाहेर काढलेली जुनी पाकिटे घेणे टाळावे. चमकी कार्ड असलेले पाकीट किंचित जड भरते, त्यामुळे नाजूक वजनकाट्यावर तोलून जड पाकिटे काढून घेणारे आणि उरलेली हलकी पाकिटे विकणारे लोक या व्यवहारात आहेत. फोडून पुन्हा चिकटवलेली पाकिटेही मिळतात. शिवणीवरचे दाते एकसारखे नसतील किंवा गोंदाचा डाग दिसत असेल तर पाकीट परत करावे.

कोल्हापुरात अदलाबदल कोणाशी आणि कुठे करावी?

मोठ्या माणसांना सर्वांत आधी आपल्याच ओळखीत शोध घ्यावा लागतो. कार्यालयातील सहकारी, तालमीचे मित्र, मुलांच्या वर्गमित्रांचे पालक यांच्यापैकी कोणाच्या तरी माळ्यावर जुना डबा असतोच, आणि आपण विषय काढल्याखेरीज तो बाहेर येत नाही. महाद्वार रोड, राजारामपुरी आणि शाहूपुरी या भागांतील खेळण्यांच्या व स्टेशनरीच्या दुकानदारांशी ओळख ठेवावी, कारण कोणती मालिका आली आणि कोण गिऱ्हाईक नियमित घेते हे त्यांना ठाऊक असते. जुन्या कार्डांसाठी रद्दीवाल्यांना सांगून ठेवणे उपयोगी पडते. वह्या-पुस्तकांच्या गठ्ठ्यांत कार्डे येतात आणि त्यांना वजनापलीकडे मोल नसते.

भेटण्याची जागा बंदिस्त, कोरडी आणि मोठ्या टेबलाची असावी. रंकाळ्यावर बसून भेळ खाता खाता कार्डे पाहण्याचा बेत ऐकायला छान वाटतो, परंतु तिथला वारा आणि चिंचेच्या चटणीची बोटे यांपैकी काहीच कार्डांना मानवत नाही. आपल्याकडील डबल आणि हव्या असलेल्या कार्डांची क्रमांकवार यादी बरोबर न्यावी. यादी नसली की तेच कार्ड पुन्हा घरी येते.

लहान मुलांशी अदलाबदल करावी का?

करावी, परंतु पालकांच्या समोर आणि दोन्ही कार्डांची अंदाजे किंमत आधी सांगून. दहा वर्षांच्या मुलाला आवडते पात्र हवे असते आणि त्यासाठी तो शंभरपट मोलाचे कार्ड हसत देऊन टाकतो. त्याचा फायदा घेणाऱ्या मोठ्या माणसाशी इतरांनी व्यवहार बंद ठेवावा, इतकी साधी शिस्त आपल्या गावात पाळली जावी असे वाटते.

नकली कार्ड कसे ओळखावे?

जत्रेत, रस्त्याकडेच्या गाड्यांवर आणि पुष्कळ दुकानांतही पोकेमॉनच्या नावाने जी सोनेरी, प्लॅस्टिकसारखी कार्डे मिळतात, ती कंपनीची स्वस्त आवृत्ती नसून सरळ नक्कल असते. मुलांना खेळण्यासाठी ती घ्यायला हरकत नाही. संग्रहात त्यांना मोल नाही.

अस्सल आणि नकली कार्ड शेजारी शेजारी ठेवून पाहणे ही सर्वांत भरवशाची परीक्षा आहे, म्हणून खात्रीचे एक सामान्य कार्ड नेहमी जवळ ठेवावे. पाठीमागचा निळा रंग जांभळट किंवा फिकट दिसणे, अक्षरे जाड-बारीक असणे, ‘पोकेमॉन’च्या इंग्रजी लेखनात ‘ई’वरील तिरकी रेघ गायब असणे, शक्तीचा आकडा अवाच्या सवा असणे, हल्ल्यांच्या मजकुरात चुका असणे आणि स्पर्शाला कार्ड पातळ व गुळगुळीत लागणे या खुणा बहुतेक नकलांत सापडतात. अस्सल पोकेमॉन कार्डाच्या दोन कागदी थरांमध्ये एक काळसर थर असतो. कडेकडून भिंगाने पाहिल्यास तो बारीक रेषेसारखा दिसतो, आणि मोबाइलचा दिवा कार्डामागे धरल्यास अस्सल कार्डातून प्रकाश कमी येतो, नकलेतून तो भसकन येतो. नक्कलच आहे असे वाटणारे डबल कार्ड असेल तर ते सरळ फाडून थर पाहावेत. तेवढ्याने डोळा तयार होतो.

क्रिकेट कार्डांच्या बाबतीत आणखी एक फसवणूक असते, ती म्हणजे रंगीत झेरॉक्सची. भिंगाखाली छापखान्याच्या ऑफसेट छपाईत रंगांचे नीटनेटके ठिपके दिसतात. घरगुती प्रिंटरच्या छपाईत ते विस्कटलेले किंवा तुषारांसारखे उडालेले दिसतात.

कार्डावरील खुणा आणि क्रमांक यांचा अर्थ काय?

पोकेमॉनच्या कार्डावर खालच्या बाजूला ४/१०२ अशा स्वरूपाचा क्रमांक असतो, म्हणजे १०२ कार्डांच्या संचातील चौथे. हे उदाहरण १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचातील चॅरिझार्ड या पोकेमॉनचे आहे. क्रमांक संचाच्या एकूण संख्येपेक्षा मोठा असेल तर ते गुप्त दुर्मीळ कार्ड समजावे. मूळ पद्धतीत वर्तुळ म्हणजे सामान्य, चौकट म्हणजे कमी आढळणारे आणि तारा म्हणजे दुर्मीळ. नव्या संचांत ताऱ्यांची संख्या व रंग वाढत गेले आहेत.

माळ्यावर जुनी कार्डे सापडली आहेत. ती लाखमोलाची असतील का?

बहुधा नाहीत. टॉप्सचे १९५२ चे, मिकी मँटल या अमेरिकी बेसबॉलपटूचे कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले आणि त्या बातमीपासून अनेकांनी माळे झाडले. परंतु त्या किमतीमागे त्या कार्डाची जवळजवळ निर्दोष स्थिती होती. पहिल्या आवृत्तीचा शिक्का असलेले, पैकीच्या पैकी दर्जा मिळालेले इंग्रजी चॅरिझार्ड त्याच वर्षी ४ लाख २० हजार डॉलरना गेले; शिक्का नसलेले, कोपरे झिजलेले तेच चित्र त्याच्या अगदी किरकोळ अंशाला मिळते. किंमत पाहायची तर विक्रेत्याने मागितलेला भाव पाहू नये, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे भाव पाहावेत.

पावसाळ्यात कार्डे कशी जपावीत?

कोल्हापुरातील संग्राहकाचा खरा शत्रू चोर किंवा ऊन नसून जून ते सप्टेंबर या काळातील दमट हवा आहे, म्हणून या उत्तरात थोडे सविस्तर लिहीत आहे.

चमकी कार्डात कागदाच्या थरावर धातूसारखा पातळ पापुद्रा असतो. कागद हवेतील ओल शोषून फुगतो, पापुद्रा फुगत नाही, आणि परिणामी जुलैच्या एखाद्या आठवड्यात टेबलावर उघडे राहिलेले कार्ड चमकी बाजू आत घेऊन पन्हाळीसारखे वळते. ते हाताने उलटे वाकवू नये, कारण पापुद्र्यावर उमटलेली आडवी रेघ पुन्हा जात नाही. कार्ड आवरणात घालून, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात, वर सपाट पुस्तकाचे वजन ठेवून काही दिवस तसेच राहू द्यावे. बहुतेक कार्डे त्यात सरळ होतात.

नेहमीच्या साठवणीसाठी प्रत्येक चांगल्या कार्डाला पातळ पारदर्शक स्लीव्ह, मोलाच्या कार्डाला त्यावर टॉपलोडर, म्हणजे कडक प्लॅस्टिकचे पाकीट, आणि बाकीच्यांसाठी नऊ खणांच्या पानांचा बाइंडर ही व्यवस्था पुरते. पाने पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत. कागदपत्रांच्या फायलींत वापरली जाणारी, उघडताच प्लॅस्टिकचा उग्र वास मारणारी पाने बहुधा पीव्हीसीची असतात. त्यातील प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये काळाबरोबर बाहेर येतात आणि कार्डाची शाई पानाला चिकटते. बाइंडर उभा ठेवावा, ठासून भरू नये आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये, कारण पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते. आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असावी. एक लहानसा आर्द्रतामापक कपाटात ठेवल्यास अंदाज बांधावा लागत नाही. सिलिका जेलचे मणी रंग बदलले की ते गरम करून पुन्हा वापरता येतात.

कसर लागू नये म्हणून कपड्यांत टाकतो त्या डांबराच्या गोळ्या कार्डांच्या डब्यात टाकू नयेत, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लॅस्टिक मऊ पडते व चिकट होते. रबर बँडने गठ्ठा बांधू नये, कडांना खाचा पडतात. आणि शिधापत्रिकेपासून गुणपत्रिकेपर्यंत सर्व काही लॅमिनेट करण्याची आपली जी सवय आहे, ती कार्डांपासून दूर ठेवावी. लॅमिनेट केलेले कार्ड पुन्हा कार्ड होत नाही.

पुराच्या भागात राहणाऱ्यांनी काय करावे?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट आहे. घरातील महत्त्वाची कागदपत्रे वर हलवण्याचा आपला जो नेम असेल, त्याच वेळी कार्डांचा डबाही हलवावा. त्यासाठी संपूर्ण संग्रह एका माणसाला उचलता येईल अशा, घट्ट झाकणाच्या एक-दोन डब्यांत बसेल इतकाच ठेवावा. मोलाच्या कार्डांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोबाइलबाहेरही साठवलेली असावीत.

कार्डे भिजलीच तर ती ओली असतानाच एकमेकांपासून अलग करावीत. गुळगुळीत लेपाचा कागद गठ्ठ्यात वाळला की विटेसारखा एकजीव होतो आणि मग सुटत नाही. चिखल असेल तर स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढावा, टीपकागदांमध्ये ठेवून कागद बदलत राहावे आणि शेवटी हलके वजन ठेवावे. ऊन, इस्त्री किंवा केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये. घर साफ करण्याच्या धांदलीत वेळ नसेल तर गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि नंतर थोडी थोडी कार्डे काढून वाळवावीत. जुनी कागदपत्रे वाचवणारे लोक हीच रीत वापरतात.

कार्डांना दर्जा लावून घ्यावा का?

हौशी माणसाने सहसा घेऊ नये. पीएसएसारख्या अमेरिकी संस्था कार्डाची मांडणी, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग तपासून १ ते १० गुण देतात व कार्ड कडक कवचात बंद करून पाठवतात. त्यांचे शुल्क, जाता-येताचे टपाल, विमा आणि परतीच्या वेळचे सीमाशुल्क यांची बेरीज केल्यावर कार्डाची किंमत त्याच्या कित्येक पटींनी जास्त भरत असेल, तरच हा खटाटोप करावा. चित्र एका बाजूला सरकलेले असेल तर चांगला गुण मिळत नाही. कार्डे मोठ्या तावांवर छापून मग कापली जातात आणि कात्री किंचित सरकली की हा दोष येतो.

टपालाने कार्डे पाठवताना काय काळजी घ्यावी?

कार्ड स्लीव्हमध्ये, स्लीव्ह टॉपलोडरमध्ये, तोंडावर सहज निघणारी कागदी चिकटपट्टी आणि बाहेरून पुठ्ठ्याचे दोन तुकडे, त्यावर पाण्यापासून रक्षण करणारी पिशवी, असे बांधावे. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्याने माग काढता येण्यासाठी आता स्पीड पोस्ट करावे. परदेशातून मागवताना पाकिटावर ‘भेट’ लिहिले म्हणून सीमाशुल्क टळेल असे गृहीत धरू नये.

या कार्डांनी खेळताही येते का?

पोकेमॉन, मॅजिक आणि युगिओची कार्डे मुळात खेळण्यासाठीच आहेत. पोकेमॉनमध्ये प्रत्येकाकडे ६० कार्डांचा गठ्ठा असतो, मूळ ऊर्जा कार्डे सोडून एका नावाची चारपेक्षा जास्त कार्डे त्यात चालत नाहीत आणि आपली सहा बक्षीस कार्डे आधी उचलणारा जिंकतो. खेळायची आणि जपायची कार्डे वेगळी ठेवावीत.

आपल्या खेळाडूंची कार्डे स्वतः तयार करता येतील का?

येतील, आणि माझ्या मते कोल्हापूरकरासाठी हा या छंदाचा सर्वांत रसाळ भाग आहे. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकले. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. एवढ्यावरच एका लहान संचाची सुरुवात होते, आणि स्थानिक लीगमधील आपल्या आवडत्या संघाचे अकरा जण घेतले तर तो भरीवही होतो.

ए-४ आकाराच्या एका तावावर ६३ गुणिले ८८ मिलिमीटरची नऊ कार्डे तीन ओळींत बसतात. साधारण ३०० जीएसएमचे (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे) आर्ट कार्ड घ्यावे आणि प्रत्येक चित्र चहूबाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीचे ठेवावे, म्हणजे कापताना पांढरी कड राहत नाही. मात्र जास्तीच्या कडेसह नऊ चित्रे ए-४ वर रुंदीच्या बाजूने जेमतेम मावतात आणि पुष्कळ प्रिंटर कागदाच्या टोकापर्यंत छापत नाहीत, तेव्हा छापखान्यात मोठा ताव मागावा. मागील बाजूस नाव, गाव, खेळण्याची जागा आणि खात्रीचे आकडे असावेत. ऐकीव विक्रम छापू नयेत. छायाचित्र ज्याने काढले त्याची व खेळाडूची परवानगी घ्यावी, अल्पवयीन खेळाडू असेल तर त्याच्या पालकांची घ्यावी, आणि अशी कार्डे विकू नयेत. आपसांत वाटावीत आणि एक प्रत त्या खेळाडूच्या घरी पोचवावी.